जिप्सीत बसून वाघ वाचत नाही

‘पर्यटक येतात म्हणून वाघ टिकलाय.’ ताडोबाच्या आसपासच्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये रात्रीच्या जेवणाला बसलात, की हे वाक्य कानावर पडतंच. बोलणारा कधी भलीमोठी लेन्स घेऊन आलेला छायाचित्रकार असतो, कधी रिसॉर्टचा मालक, कधी सहली नेणारा. तिघांचंही यावर एकमत असतं. आता हा युक्तिवाद जेवणघरातून उठून रविवार पुरवण्यांत आणि प्रदर्शनांच्या उद्घाटनांच्या भाषणांतही जाऊन बसलाय. जंगलात गाड्या फिरत असल्या की शिकारी फिरकत नाही, पर्यटकांच्या पैशावर जंगल राखलं जातं, गावकऱ्याला रोजगार मिळाला की तो वाघाच्या बाजूने उभा राहतो, आणि एकदा वाघ पाहिला की शहरातला माणूस जन्मभराचा निसर्गप्रेमी होतो, असा तो एकूण युक्तिवाद. म्हणजे सफारीला जाणं ही नुसती मौज नव्हे, ते कर्तव्यच.

सफारीला मीही जातो आणि मौज म्हणूनच जातो. पहाटेच्या गारठ्यात उघड्या जिप्सीत बसायला, चितळाचा कॉल आला की श्वास रोखायला मलाही आवडतं. त्या मौजेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तिच्यावर चढवलेल्या समाजकार्याच्या झुलीला.

शिकारी पर्यटकाला घाबरतो, हे आधी तपासू. राजस्थानातलं सरिस्का दिल्ली आणि जयपूरच्या मध्ये. जुन्या राजवाड्याचं हॉटेल, शनिवार-रविवारी राजधानीतून येणाऱ्या गाड्या. पर्यटकांची वानवा तिथे नव्हती. २००५च्या सुरुवातीला देशाला कळलं, की सरिस्कात एकही वाघ उरलेला नाही. शिकाऱ्यांनी एकेक करून सगळे संपवले होते. मध्य प्रदेशातलं पन्ना तर खजुराहोच्या अंगणात; जगभरचे प्रवासी तिथे येतात. २००९ साली पन्नाही रिकामं निघालं आणि कान्हा-बांधवगडहून वाघिणी आणून नव्याने श्रीगणेशा करावा लागला. दोन्ही जंगलांत दुर्बिणी होत्या, कॅमेरे होते, गाईड होते. एवढ्या डोळ्यांनी पहारा केला म्हणायचं, तर वाघ गेले कुठून?

लांब कशाला, आपल्या उमरेड-कऱ्हांडल्याचा ‘जय’ घ्या. नागझिऱ्यातून निघून शेतं, रस्ते ओलांडत तो तिथे आला आणि त्या छोट्या अभयारण्याचं नशीब पालटलं. त्याला पाहायला रांगा लागल्या. गळ्यात रेडिओ कॉलर होती. महाराष्ट्रात त्या काळी त्याच्याइतके फोटो दुसऱ्या कुठल्या वाघाचे निघाले नसतील. २०१६च्या एप्रिलनंतर तो कुणाला दिसला नाही, आणि त्याचं काय झालं हे आजही सिद्ध झालेलं नाही. त्याचा बछडा श्रीनिवास २०१७ साली नागभीडजवळ शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने मेला. बोरच्या जंगलातला बाजीराव हा वाघ त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूर-अमरावती महामार्गावर गाडीची धडक बसून गेला. रानडुकरांसाठी लावलेली जिवंत तार आणि रुंद होत चाललेला रस्ता, या दोन्ही ठिकाणी जिप्सी पोचत नाही. उलट पुण्या-मुंबईहून स्वतःच्या गाडीने निघालेला वाघप्रेमी याच महामार्गांवरून भरधाव येतो, कारण त्याला दुपारची सफारी गाठायची असते.

यावर ठरलेलं उत्तर येतं ते मेळघाटाचं. तिथे पर्यटक कमी, म्हणून २०१२-१३च्या सुमारास तिथे शिकारी शिरले, असं सांगतात. शिकारी शिरले हे खरं. पण मग ती साखळी तोडली कोणी? मेळघाटातल्या वनाधिकाऱ्यांनी गुन्हे शोधणारा स्वतःचा कक्ष उभा केला, फोनचे तपशील जुळवले, परराज्यांत जाऊन आरोपी आणले, पुरावे धड ठेवले आणि कोर्टात शिक्षा होईपर्यंत पाठपुरावा केला. कुणी तिथे जादा जिप्सी सोडल्या नाहीत. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. ‘तिथे वाघच दिसत नाही हो’ अशी तक्रार पन्नास वर्षं ऐकूनही तिथे वाघ आहेत. दुसऱ्या बाजूने पाहा: वाघांच्या शिकारीसाठी कुख्यात असलेल्या टोळीचा एक म्होरक्या २०२५च्या जानेवारीत सापडला तो राजुऱ्याकडे. म्हणजे ज्या चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा आहे, देशभरचे पर्यटक जिथे लोटतात, त्याच जिल्ह्यात. त्याला पर्यटकांची भीती वाटल्याचं दिसलं नाही.

याहून साधा पुरावा तर दरवर्षी डोळ्यांसमोर असतो. १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत ताडोबाचा कोअर, म्हणजे गाभ्याचं जंगल, पर्यटकांना बंद असतो. वर्षातले तीन महिने! रस्ते चिखलात जातात, नाले भरून वाहतात, गवत माणसाच्या डोक्यावर जातं. शिकाऱ्याला याहून सोयीचा हंगाम नाही. मग त्या तीन महिन्यांत वाघ कोण राखतं?

वनरक्षक राखतो, आणि त्याच्यासोबतचे हंगामी वनमजूर. गाडी जात नाही म्हणून ते पायी निघतात. पायात गमबूट, अंगावर रेनकोट, हातात काठी, आणि फिरतीची नोंद घेणारा मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. पाणवठ्याच्या वाटेवर कुणी तारेचा फास लावलाय का, पालापाचोळ्याखाली लोखंडी सापळा पुरलाय का, हे बघत चालायचं. काही ठिकाणी त्यासाठी मेटल डिटेक्टर देतात. नसला तर काठीने पाला सारायचा. रात्र संरक्षण कुटीत काढायची. तिथे बाजेखाली विंचू निघतो, पूर उतरेपर्यंत शिधा पुरवावा लागतो, आणि घरी फोन लावायचा तर रेंज मिळेल अशा टेकडीवर जायचं. वनमजुराला तर नोकरीची शाश्वतीही नाही. पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या नऊ महिन्यांतही परिस्थिती फार वेगळी नसते, कारण राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२च्या नियमांप्रमाणे कोअरचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनाला देता येतो. उरलेल्या ८० टक्क्यांत जिप्सी शिरतच नाही. तिथला वाघ पर्यटकाने कधी पाहिलेला नसतो, आणि तरी तो असतो.

२० नोव्हेंबर २०२१ला ताडोबाच्या कोलारा भागात स्वाती ढुमणे या वनरक्षक अशाच पायी निघाल्या होत्या. देशभरच्या व्याघ्रगणनेसाठी खुणा नोंदवायचं काम होतं, सोबत तीन वनमजूर होते. पुढे वाटेत वाघीण बसलेली दिसली. त्या थांबल्या. बऱ्याच वेळाने, ती हलत नाही म्हणून, झाडोऱ्यातून वळसा घालून पुढे जायचं ठरवलं, आणि वाघिणीने त्यांच्यावर झेप घेतली. ती माया असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. माया म्हणजे ताडोबाची सर्वांत लाडकी वाघीण. तिची किती बाळंतपणं झाली, कुठला बछडा कुणापासूनचा, हे सांगणारे शेकडो लोक मला ठाऊक आहेत. २०२३मध्ये ती दिसेनाशी झाली तेव्हा समाजमाध्यमांवर अक्षरशः सुतक पाळलं गेलं. या शेकडोंपैकी किती जणांना स्वाती ढुमणे हे नाव सांगता येईल? मी विचारून पाहिलंय. उत्तराच्या जागी बहुधा प्रश्नच येतो: ‘कोण?’

आता पैशाकडे वळू, कारण युक्तिवादाचा हा भाग खरोखर तोलामोलाचा आहे आणि तो झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. मोहर्ली, कोलारा या गेटांवरच्या गावांचं रूप पर्यटनाने पालटलं. तिथली पोरं गाईड झाली, काहींनी कर्ज काढून जिप्सी घेतल्या, आता बाईगाईड आणि बाईचालकही आहेत. रोजगार हमीच्या खड्ड्यांपेक्षा हे काम कितीतरी बरं. बफरमधल्या, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांना गॅस, सौर कुंपण असल्या गोष्टी मिळाल्या, त्यातही सफारीच्या शुल्काचा हात आहे. हे सगळं मान्य. पण यातून सिद्ध होतं ते एवढंच, की पर्यटनातून काही गावांना चार पैसे मिळतात. वाघ त्यामुळे वाचतो, हे सिद्ध व्हायला वाघ फक्त त्या गावांभोवती असायला हवे होते.

ते तसे नाहीत. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. २००६ साली ते १०३ होते. ४४४पैकी ताडोबा प्रकल्पातले ९७. राज्यातले सगळे व्याघ्र प्रकल्प एकत्र धरले तरी ४४४च्या जवळपास जात नाहीत. बाकीचे राहतात कुठे? ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, सावली, मूल. धानाच्या बांध्यांना खेटून असलेल्या झुडपी जंगलात, कालव्याच्या काठाने, तुरीच्या शेतात. ब्रह्मपुरीचा वनविभाग हा साधा प्रादेशिक विभाग. २०१८ साली घोडाझरी अभयारण्य झालं तेवढं सोडलं, तर तिथे संरक्षित असं फारसं काही नाही. तरीही तिथे वाघिणी वितात, बछडे वाढवतात. त्या भागातल्या लाखो माणसांना पर्यटनाचा छदामही मिळत नाही. वाघ मात्र त्यांच्याच वाट्याला आलाय, आणि त्यांनी तो सहन केलाय. विष घालणं अवघड नसतं. मेलेल्या गुरावर कीटकनाशक टाकलं की काम झालं. असे प्रकार घडतातही. पण ज्या प्रमाणात ते घडू शकले असते, त्या प्रमाणात घडत नाहीत, आणि विदर्भात वाघ वाढण्याचं सर्वांत मोठं कारण मला हेच दिसतं.

त्या सहनशीलतेची किंमत काय, ते मे महिन्यात कळतं. मे हा साईटिंगचा सुगीचा काळ. पाणवठे आटलेले, पानगळ झालेली, वाघ पाण्याशी हमखास. पहाटे गेट उघडायच्या आधीच जिप्स्यांची रांग लागते. नेमका तोच तेंदूपत्त्याचा हंगाम. त्याच पहाटे, तिथून काही मैलांवर, गावातल्या बाया डोक्याला फडकं बांधून जंगलात शिरतात, कारण ऊन चढायच्या आत पानं तोडून व्हायला हवीत. तेंदूची कोवळी पानं मिळतात ती खुरट्या झुडपांवर. ती खुडायला बाई ओणवी होते किंवा बसते, आणि ओणव्या माणसाची उंची वाघाला माणसासारखी वाटत नाही. दुपारी घरी येऊन ७० पानांचा एक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागी, नेऊन मोजून द्यायचा. या मजुरीवर शाळेची वह्या-पुस्तकं आणि खरिपाचं बियाणं निघतं. १० मे २०२५ला सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा (माल) गावच्या तीन बाया अशाच पानं तोडायला गेल्या आणि तिघींना वाघाने मारलं. एका दिवसात तिघी. वारसांना शासन २५ लाख रुपये देतं, आणि द्यायलाच हवेत. पण ते पैसे शासनाच्या तिजोरीतून जातात. वाघ दाखवून नफा कमावणाऱ्याच्या खिशाला त्यातला रुपया लागत नाही.

हे नवं दुखणं नाही. सरिस्काच्या धक्क्यानंतर केंद्राने सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमलं होतं. त्यांनी २००५च्या अहवालात स्पष्ट म्हटलं, की पर्यटनाचा फायदा स्थानिकांपर्यंत पोचत नाही, आणि प्रकल्पाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरच्या आतल्या हॉटेलांनी उलाढालीचे ३० टक्के द्यावेत. ती शिफारस कागदावरच राहिली. पर्यटन वाघाला वाचवतं असं छातीठोक सांगणाऱ्या व्यवसायाने ती उचलून धरायला हवी होती, नाही का?

आणि ‘वाघ पाहिला की माणूस निसर्गप्रेमी होतो’ या मुद्द्याचं काय? होत असतील काही जण. मी पाहतो ते हे: साईटिंगची बातमी आली की वीस गाड्या एका वळणावर. ‘भैया, थोडा आगे लो ना’ म्हणून मागून चालकाच्या खांद्यावर थाप. चालक बिचारा एका डोळ्याने गेटच्या वेळेकडे आणि दुसऱ्याने बक्षिसीकडे बघत गाडी घुसवतो. वाघीण उठून चालू लागली की तिच्या पुढे आडवी गाडी. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात एफ-२ ही वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्ही बाजूंनी गाड्यांनी अडवले गेले. चित्रफीत पसरली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई झाली ती चालक आणि गाईडांवर. मागच्या सीटवरून ‘आगे लो’ म्हणणारे आपापल्या गावी नववर्ष साजरं करायला निघून गेले. आता कोअरमधल्या पर्यटन भागात मोबाइल वापरायलाच सर्वोच्च न्यायालयाने मनाई केलीय. निसर्गप्रेम एवढं उतू चाललं होतं, की ते कोर्टाला आवरावं लागलं.

गाड्यांनी वाघाला फरक पडत नाही, त्याला सवय होते, असंही म्हणतात. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगडातल्या वाघांची विष्ठा तपासली. पर्यटनाच्या महिन्यांत ताणाच्या संप्रेरकांचं प्रमाण जास्त निघालं, पर्यटन बंद असताना कमी, आणि गाड्यांच्या संख्येशी त्याचा संबंध दिसला. हा अभ्यास २०१९ सालचा आहे. रस्त्यावर ऐटीत चालणारा वाघ फोटोत निवांत दिसतो. तो निवांत असतोच असं नाही.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग सफारीच बंद करा. नाही. ती मागणी आळशी आहे. २४ जुलै २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने कोअरमधलं पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवलं होतं, १६ ऑक्टोबरला ते नव्या नियमांसह पुन्हा सुरू झालं. (त्यातला बहुतेक काळ पावसाळ्याचाच असल्याने या बंदीने वाघाचं भलं झालं की बुरं, यावर दोन्ही बाजूंनी केलेले दावे फुसके आहेत.) कायमची बंदी घातली तर मोहर्लीच्या पोरांच्या पोटावर पाय येईल, आणि बंद दाराआड काय चाललंय हे बाहेर कळणार नाही. शिवाय आपल्या राज्यातला वाघ बघायचा हक्क आपल्याला नसावा, असं म्हणणारा मी कोण? जंगल सार्वजनिक आहे.

माझा वाद फक्त हिशोबाचा आहे. पर्यटक वाघावर उपकार करत नाही. तो वाघाचा लाभ घेतो, आणि ज्यांच्या जिवावर हा लाभ मिळतो त्यांतल्या बहुतेकांना तो काही देत नाही. लाभार्थ्याने दात्याचा आव आणला, की मग खरं देणं कोणाचं बाकी आहे हा प्रश्नच कोणी विचारत नाही. ‘आम्ही आलो म्हणून वाघ वाचला’ हे एकदा पक्कं झालं, की वनमजुराला कायम का करायचं? सिंदेवाहीत तेंदूच्या हंगामात टेहळणीसाठी माणसं का नेमायची? जिवंत तारांऐवजी सौर कुंपण प्रत्येक शेतापर्यंत का न्यायचं? वाघ तर वाचतोच आहे!

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक सफारीच्या शुल्कावर अधिभार लावा आणि तो व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेरच्या वाघग्रस्त गावांसाठी वेगळा काढा. सध्या गेटवरचा पैसा मुख्यतः त्या त्या प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाकडे राहतो आणि प्रकल्पाच्या गावांत खर्च होतो, हद्दीबाहेरची गावं कोरडी राहतात. प्रकल्पालगतच्या हॉटेलांकडून उलाढालीवर वाटा घ्या. ३० टक्के जड वाटत असतील तर १०पासून सुरुवात करा, पण करा. त्या पैशातून सौर कुंपण, मे महिन्यात तेंदूच्या फळ्यांवर प्रशिक्षित टेहळणी पथकं, वनमजुरांचा विमा. एका रात्रीला वीस हजार मोजून तंबूत राहणाऱ्याला पाचशे रुपये अधिक द्यायला काहीही वाटणार नाही. सफारीचे दर वाढतात तेव्हा तो देतोच.

अधिभाराला नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरतो. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं आणि शनिवार-रविवार जोडून कितीतरी आमदार कुटुंबासह ताडोबाची फेरी करतात. त्यांत तुमचा आमदार असेल, तर तो परत आल्यावर त्याला वाघ दिसला का हे विचारू नका. सिंदेवाहीसाठी काय केलं, ते विचारा.